बातमी, संशय आणि अमानत




इगतपुरीचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना इथल्या जुलै-ऑगस्टमधील रात्रींचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. डोंगर धुक्यात हरवतात, वीज जाते, घाट चढणाऱ्या गाडीचा आवाजही पावसात बुडून जातो आणि दारणा, भावली, मुकणे, वैतरणा ही तालुक्यातील धरणे भरत जातात. अशाच एका रात्री इशाच्या नमाजनंतर एक तरुण धावत माझ्याकडे आला. त्याच्या मोबाइलवर संदेश आला होता : वरच्या धरणाच्या भिंतीला तडा गेला आहे, सरकारी माणसे ही गोष्ट लपवीत आहेत, नदीकाठच्या लोकांनी ताबडतोब घरे सोडावीत. सोबत फुटलेल्या बांधाची चित्रफीतही होती. पाच मिनिटांत पंधरा-वीस माणसे मस्जिदच्या ओसरीत जमली. सर्वांचे म्हणणे एकच, "मौलाना, माइकवरून सांगा."

मी ध्वनिक्षेपकापर्यंत गेलोही होतो. तेवढ्यात रेल्वेतून निवृत्त झालेले एक वृद्ध चाचा म्हणाले, "मौलाना, आधी विचारून घ्या." त्यावर तो तरुण उसळून म्हणाला, "कुणाला विचारायचं चाचा? ज्यांना विचारायचं, तेच तर खोटं बोलतात!"

आम्ही संबंधित कार्यालयात फोन लावला. बराच वेळ कोणी उचलला नाही. प्रत्येक न उचललेल्या फोनाबरोबर त्या तरुणाचे म्हणणे अधिक खरे वाटू लागले. अखेर एका कर्मचाऱ्याने उत्तर दिले : भिंत सुरक्षित आहे, पाण्याची पातळी वाढल्यामुळे विसर्ग वाढविला आहे, कोणीही नदीपात्रात उतरू नये. मी माइकवरून तेवढेच सांगितले. ती चित्रफीत भलत्याच प्रांतातील आणि जुनी असल्याचे दुसऱ्या दिवशी कळले. त्या अंधारात, त्या पावसात, लेकरे आणि म्हातारी माणसे घेऊन चारशे-पाचशे लोक माझ्या एका वाक्यावर घराबाहेर पडले असते. ओढ्यांना पूर होता. त्यांच्यापैकी एखाद्याचा जीव गेला असता तर अल्लाहसमोर मी काय उत्तर दिले असते, हा विचार मला आजही सोडत नाही.

परंतु त्या तरुणाचा प्रश्नही मला सोडत नाही. तो प्रश्न उद्धटपणाचा म्हणून झटकून टाकता येण्याजोगा नाही. आपल्याच जिल्ह्यातील मालेगावची आठवण ठेवा. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शब-ए-बरातचा दिवस. जुम्याच्या नमाजनंतर बडा कब्रस्तान परिसरात स्फोट झाले आणि तीसहून अधिक माणसे शहीद झाली. मेलेले मुसलमान होते, आणि पुढे या प्रकरणात ज्या नऊ जणांना अटक झाली, तेही मुसलमानच होते. राष्ट्रीय तपास यंत्रणेने पुढे केलेल्या तपासाची दिशा वेगळी निघाली. नोव्हेंबर २०११ मध्ये जामीन मिळेपर्यंत त्यांची पाच वर्षे गेली आणि २५ एप्रिल २०१६ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले, तेव्हा त्यांच्यापैकी एक जण तो निकाल ऐकण्यासाठी हयात नव्हता. ज्या घरांनी हे भोगले, ज्या मोहल्ल्यांनी ते पाहिले, त्यांना "यंत्रणेवर विश्वास ठेवा" असे नुसते सांगणे म्हणजे जखमेची चेष्टा करणे होय. इस्लाम असा आंधळा विश्वास मागत नाही. सूरह अन-निसाच्या ५८ व्या आयतीत अल्लाहने अमानत ज्याची त्याला पोहोचविण्याची आणि लोकांमध्ये निवाडा करताना न्यायाने निवाडा करण्याची आज्ञा दिली आहे. अधिकार ही अमानत आहे. ती पाळली गेली नाही, तर जाब विचारणे हा द्रोह ठरत नाही.

मग चूक कुठे होते? अविश्वास हेच ज्ञान आहे, असे आपण मानू लागतो तेथे. "ते खोटे बोलतात" यावरून "म्हणून माझ्या मोबाइलवर आलेले खरे आहे" हे सिद्ध होत नाही. या दोन वाक्यांमधील अंतर जेव्हा लोक विसरतात, तेव्हा काय होते, हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिले. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे रविवारचा बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे उतरले. मुले पळविणाऱ्या टोळ्यांच्या अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून घरोघर पोहोचल्या होत्या. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. मारणाऱ्यांपैकी अनेकांना आपण मुलांचे रक्षण करीत आहोत असे वाटले असेल. पोलिसांची वाट पाहण्याची त्यांना गरज वाटली नाही.

त्याच रात्री मालेगावातही त्याच अफवेने मोठा जमाव जमला. परगावच्या पाच जणांना त्याने घेरले आणि त्यांच्यात दोन वर्षांचे एक लेकरूही होते. पण तेथे स्थानिकांनी त्यांना घरात आसरा दिला आणि पोलिसांनी जमावाचा मार सोसून त्यांना बाहेर काढले. वाचकहो, या दोन आठवणी एकत्र ठेवा. ज्या मालेगावाने तपासातील अन्याय भोगला, त्याच मालेगावात पोलिसांनी त्या पाच जणांचे प्राण वाचविले, आणि त्या नऊ जणांना दोषमुक्त करणारे न्यायालय हीदेखील एक संस्थाच होती. सूरह अल-माइदाच्या आठव्या आयतीत सांगितले आहे की, एखाद्या समूहाविषयीच्या द्वेषाने तुम्हांला न्यायापासून दूर नेता कामा नये. हा आदेश खाकी गणवेशातल्या माणसालाही लागू आहे आणि त्याच्याविषयी मत बनविणाऱ्या आपल्यालाही.

अल्लाहने या विषयावर आपल्याला अंधारात ठेवलेले नाही. सूरह अन-निसाच्या ८३ व्या आयतीत अशा लोकांचा उल्लेख आहे, ज्यांच्याकडे सुरक्षिततेची किंवा भीतीची एखादी बातमी आली की ते ती लगेच पसरवितात. त्यांनी ती प्रेषितांकडे आणि आपल्यातील जबाबदार लोकांकडे नेली असती, तर खोलात जाऊन सत्य शोधणाऱ्यांना ती नीट कळली असती, असा त्या आयतीचा आशय आहे. सहीह मुस्लिममध्ये या आयतीच्या संदर्भात हजरत उमर (रजि.) यांचा प्रसंग आला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या पत्नींना तलाक दिला, अशी बातमी मदीनेत पसरली. मस्जिदमध्ये लोक खिन्न होऊन बसले होते. प्रेषित (स.) त्या दिवसांत माडीवरील एका खोलीत एकांतात होते. हजरत उमर (रजि.) तेथे गेले आणि दारावरील सेवकाकडे भेटीची परवानगी मागितली. उत्तर आले नाही. त्यांनी पुन्हा मागितली. पुन्हा उत्तर आले नाही. ते मागत राहिले. अखेर आत जाऊन त्यांनी सरळ विचारले, आपण तलाक दिला आहे काय? उत्तर मिळाले, नाही. मग लोकांना हे सांगण्याची अनुमती घेऊन ते मस्जिदच्या दारात उभे राहिले आणि मोठ्या आवाजात खरी गोष्ट जाहीर केली.

या प्रसंगाचा क्रम लक्षात घ्या. आधी उगमापाशी जाणे, दार उघडले नाही तरी न कंटाळता विचारत राहणे, आणि नंतर मस्जिदच्या दारातून घोषणा. आम्ही त्या रात्री हा क्रम उलटा करणार होतो.

आयतीत सत्य शोधून काढण्यासाठी जो शब्द आला आहे, त्याच्या मुळाशी विहीर खणताना लागणाऱ्या पाण्याचा अर्थ आहे. इगतपुरीकरांना हे उदाहरण सहज उमगेल. पाऊस न मागता अंगावर कोसळतो, परंतु उन्हाळ्यात प्यायचे पाणी खणून काढावे लागते. मोबाइलवरील बातमी पावसासारखी येते. सत्यासाठी खणावे लागते. ऐकलेले सर्व काही पुढे सांगत सुटणे एवढेही माणूस खोटा ठरण्यास पुरेसे आहे, या आशयाची प्रेषितांची (स.) हदीस आहे. संदेश पुढे ढकलणारे बोट "मी फक्त पाठविले" म्हणून हिशेबातून सुटणार नाही.

परंतु त्या आयतीचा दुसरा अर्धा भाग आपण सोडून दिला, तर तो अन्याय होईल. बातमी जबाबदार लोकांकडे न्या, असे म्हटले आहे. ज्यांच्याकडे न्यायची, त्यांचे दार उघडे असले पाहिजे आणि त्यांचे उत्तर खरे असले पाहिजे. प्रेषित मुहम्मद (स.) एका रात्री आपल्या पत्नी हजरत सफिया (रजि.) यांना पोहोचविण्यासाठी मस्जिदबाहेर आले असता दोन अन्सारी तेथून जात होते. प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवून स्वतःहून सांगितले की, ही सफिया आहे. त्या दोघांना संकोच वाटला. आपल्यावर संशय घेण्याचा विचारही त्यांच्या मनात नव्हता. तरीही शैतान मनात काही टाकील, म्हणून ज्यांच्या सत्यनिष्ठेची शपथ शत्रूंनी घ्यावी, त्यांनी न विचारता खुलासा केला. मग ज्यांच्याविषयी लोकांच्या मनात आधीच शंका आहे, त्यांनी किती खुले असावयास हवे!

आपल्या सह्याद्रीच्या बाबतीत असे घडले नाही. पश्चिम घाटाच्या रक्षणासाठी नेमलेल्या माधव गाडगीळ समितीने ऑगस्ट २०११ मध्ये केंद्राला अहवाल दिला. तो लोकांसमोर ठेवण्यात आला नाही. माहितीच्या अधिकारात मागणी झाली, केंद्रीय माहिती आयोगाने आदेश दिला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मे २०१२ मध्ये अहवाल उघड झाला. तो लोकांच्या भाषेत आणून ग्रामसभांपुढे ठेवावा, असा समितीचा आग्रह होता. तसे न झाल्याने डोंगरातल्या शेतकऱ्यापर्यंत अहवालाआधी भीती पोहोचली : शेती बंद होणार, घर बांधता येणार नाही. नंतर कस्तुरीरंगन समिती आली, मार्च २०१४ पासून मसुदा अधिसूचना पुनःपुन्हा निघत राहिल्या. ३० जुलै २०२४ रोजी वायनाडवर डोंगर कोसळला आणि दुसऱ्याच दिवसाच्या तारखेचा आणखी एक मसुदा निघाला. त्याआधी १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गेली होती. दरडप्रवण गावांच्या यादीत तिचे नाव नव्हते, हे सरकारनेच सांगितले. शास्त्रज्ञांनाही सर्व काही ठाऊक नसते आणि त्यात लाज नाही. पण जे ठाऊक आहे ते दडविणे, ही अमानतीतील खयानत आहे, आणि दडविलेल्या माहितीची रिकामी जागा अफवेनेच भरते.

तेव्हा आपण काय करावे? पहिली गोष्ट, विचारावे. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक घराघरांत लिहून ठेवावा. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये कोणीही नागरिक अर्ज करू शकतो. उत्तर साधारणपणे ३० दिवसांत, आणि कोणाच्या जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत द्यावे लागते. ग्रामसभेला जावे. ओसरीत बसून सरकारला शिव्या देणे सोपे आहे, लेखी प्रश्न विचारून पोच घेणे कठीण आहे. पण हजरत उमर (रजि.) यांचा मार्ग दुसरा आहे.

दुसरी गोष्ट, उत्तर मिळेपर्यंत थांबावे. सूरह अल-हुजुरातच्या सहाव्या आयतीत बातमीची शहानिशा करण्याची आज्ञा आहे, आणि कारणही दिले आहे : अजाणतेपणी कोणाला इजा होऊन नंतर पश्चात्तापाची पाळी येऊ नये. राईनपाड्यानंतरचा पश्चात्ताप त्या पाच जणांना परत आणू शकला नाही.

तिसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या घराची. सरकारकडून हिशेब मागणारी जमात आपल्या मस्जिदचा जमाखर्च दर महिन्याला फलकावर लावते काय? मदरशाच्या देणगीची पावती मागणाऱ्याकडे आपण संशयाने पाहत नाही ना? वक्फची जमीन कोणाकडे किती भाड्याने आहे, हे नमाजी माणसाला सहज कळते काय? आपल्या हातातील अमानत लहान आहे, पण ती आपल्याच हातात आहे. जी पारदर्शकता आपण मंत्रालयाकडे मागतो, ती आपल्या ओसरीत दिसत नसेल, तर आपल्या मागणीला वजन येणार नाही.

आमच्या मस्जिदमध्ये आता ध्वनिक्षेपकाच्या वर एक कागद चिकटविला आहे. त्यावर चार फोन क्रमांक आहेत आणि खाली एकच प्रश्न : कुणाला विचारले? कागद त्या तरुणानेच लिहून आणला. त्याचा सरकारवर विश्वास बसला आहे, असे मी म्हणणार नाही. पण गेल्या पावसाळ्यात दोनदा त्यानेच फोन लावला, आणि एकदा फोन उचलला गेला नाही म्हणून लेखी तक्रार दिली.

हे अल्लाह, आम्हांला सत्य शोधण्याचा धीर दे, सत्य सांगण्याचे धैर्य दे, आणि ज्यांच्या हाती आमच्या जीविताची, पाण्याची व डोंगरांची अमानत आहे, त्यांना ती प्रामाणिकपणे सांभाळण्याची तौफीक दे. आमच्या हाती जी अमानत आहे, तिच्या बाबतीत आम्हांला लज्जित करू नकोस. आमीन.