एकट्याने ऐकावे की सर्वांसोबत?

घरात कोणाला कॅन्सर झाला की आपण आवाज खाली आणतो. 'आईला काही सांगू नका,' असे डॉक्टरांना विनवतो. हे आपण मायेपोटी करतो. पण त्यामुळे आई आपल्या भीतीबरोबर एकटीच उरते.

काही रुग्णालयांत केमोथेरपी सुरू होण्यापूर्वी अनेक रुग्णांना, नातलगांसह, एकत्र बसवून डॉक्टर व परिचारिका माहिती देतात. कल्पना जुनीच आहे. १९०५ साली बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ प्रॅट यांनी गरीब क्षयरोग्यांचा असा वर्ग सुरू केला. एका चर्चने त्याला आर्थिक हातभार लावला.

अशा बैठकीत साध्याच गोष्टी कळतात. केस गळले तरी बहुधा पुन्हा येतात. औषधांमुळे पांढऱ्या पेशी कमी झाल्या की किरकोळ संसर्गही जिवावर बेतू शकतो. म्हणून ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांशी संपर्क साधायचा. ज्याला हे सांगितलेच नाही, तो ताप अंगावर काढतो. मग आपल्या मौनाला माया म्हणायचे का?

दुसरी बाजूही आहे. आपले दुखणे परक्यांपुढे उघड करावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे. ज्याला संकोच वाटतो, त्याला डॉक्टरांना एकट्याने भेटता आले पाहिजे. मात्र पुष्कळदा आपल्या ओठांवर अडलेला प्रश्न शेजारचा विचारतो आणि उत्तर दोघांनाही मिळते.

तेव्हा रुग्णाच्या वतीने गप्प बसण्याआधी आपण त्यालाच विचारू या: 'आई, तुला काय जाणून घ्यायचे आहे?'