आपला कोण, परका कोण?

कोल्हापुरात फुटबॉलचे कित्येक जुने संघ तालमींच्या नावाने खेळतात. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही नावे ऐकून परगावच्या माणसाच्या डोळ्यांसमोर तांबडी माती उभी राहावी. पण शाहू स्टेडियमवर ही नावे छातीवर मिरवीत तरुण मंडळी चेंडूमागे धावत असतात. देशातील वरच्या श्रेणीच्या स्पर्धांत या संघांना स्थान नाही. गावची साखळी आणि चषकांचे सामने, एवढाच त्यांचा व्याप. तरीही पाटाकडीलची गाठ शिवाजी तरुण मंडळाशी पडली की मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ यांच्या मानापमानाचा प्रश्न उभा राहतो. प्रसंगी दगडफेकही होऊन गेली आहे.

ही निष्ठा आम्ही क्षुद्र मानीत नाही. पेठेच्या मायेवाचून असे संघ एक हंगामही टिकले नसते. आमचा प्रश्न निराळा आहे. 'आपला' हा शब्द येथे कशावर उभा आहे? जन्मावर म्हणावे, तर याच गावच्या संघांनी अलीकडच्या काळात नायजेरियाहून खेळाडू आणले, आणि पेठांनी त्यांना पाहता पाहता आपले म्हटले. ज्याची भाषा कळत नाही त्याच्यासाठी घसा कोरडा करायचा, आणि त्याच अंबाबाईला हात जोडणाऱ्या शेजारच्या पेठेतील पोराला वैरी मानायचे, याची संगती कशी लावावी?

अर्धे उत्तर कोल्हापूरच्या गादीनेच दिले आहे. १९४७ साली त्या गादीवर दत्तक आले ते माळव्यातील देवास थोरल्या पातीचे राजे विक्रमसिंहराव पवार. ते राजर्षी शाहूंचे दौहित्र खरे, पण दुसऱ्या गादीचे धनी होते. शहाजी हे नाव धारण करून ते कोल्हापूरचे झाले. आपलेपण स्वीकाराने येते, हे आपल्या धर्मशास्त्राने दत्तकविधानात फार पूर्वीच मान्य केले आहे. मग ते पेठेच्या वेशीशी थांबत असेल, तर थांबविणारे आपणच.

तालमीत ही अडचण फारशी नव्हती. आज ज्याने चीत केले त्याच्याशीच उद्या जोर करायचा. प्रेक्षकाच्या अंगाला मात्र माती लागतच नाही. त्याचा विजय फुकटचा, म्हणून त्याच्या अभिमानाला लगाम नाही. खेळाडू हातात हात देऊन मैदानाबाहेर पडतात आणि वर पायऱ्यांवर शिव्या चालूच राहतात, याचे आम्हांला म्हणूनच नवल वाटत नाही.

देवासात तर एकाच गावात दोन राज्ये नांदत होती. धारच्या पवारांचे भाऊबंद तुकोजी आणि जिवाजी यांचे हे दोन वंश. दोन दरबार, आणि हद्द गावाच्या मधून गेलेली. १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी चिटणीस असलेले इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर यांनी या कारभाराविषयी लिहून ठेवले आहे. हेवेदावे तेथेही होते. पण गावावरच्या टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा अशा दोन देवी आहेत. लोक त्यांना बहिणी मानतात; एक बडी माता, दुसरी छोटी माता. टेकडी चढून आलेला भाविक एकीचे दर्शन घेऊन दुसरीकडे पाठ फिरवीत नाही.