ऊब एकाची, भिंत दुसऱ्याची

आडाचें पाणी हिवाळ्यांत कोमट व उन्हाळ्यांत गार लागतें, कारण खोल जमिनीचें तपमान ऋतूबरोबर फारसें पालटत नाहीं. याच गुणावर इमारतींस थंडींत ऊब व उन्हाळ्यांत गारवा देण्याची योजना अलीकडे पुष्कळ ठिकाणीं करतात. जळण थोडें लागतें, धूर नाहीं. आरंभींची खोदाई मात्र महाग. पण हा खर्च सोसावयाचा कोणीं, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

जर्मनींतील स्टाउफेन गांवीं २००७ सालीं नगरभवनासाठीं सात विवरें सुमारें १४० मीटर खोल पाडलीं. हेतु निर्मळ होता. परंतु विवरांवाटे पाणी अॅनहायड्राइट नामक निर्जल खडकाच्या थरांत शिरलें. त्याचा जिप्सम होऊन तो फुगूं लागला, जमीन वर उचलली गेली आणि अडीचशेंहून अधिक घरांना भेगा पडल्या. (सैतानाशीं सौदा करणारा फाउस्ट याच गांवीं मेला, अशी आख्यायिका आहे!) ज्यांस त्या उबेचा अंशहि मिळावयाचा नव्हता, त्यांच्या भिंती दुभंगल्या.

एवढ्यावरून ही विद्याच त्याज्य ठरवावी, असें आम्ही म्हणत नाहीं. थरांची आधीं नीट परीक्षा झाल्यास असा प्रसंग विरळाच. तथापि भरपाईनें पैसा परत येतो, न विचारलेली संमति येत नाहीं. स्टाउफेन येथें पुढें विवरें बुजवून व पाणी उपसून फुगवटा मंदावला. कांहीं घरें मात्र पाडावींच लागलीं.