मेलेले जनावर कोणी उचलायचे?



नाशिकच्या एका वस्तीतल्या बौद्ध घरातला हा प्रसंग. घरचा कुत्रा म्हातारा होऊन मेला. नातू रडत होता. मुलगा फावडे घेऊन निघाला, तोच आजोबांनी त्याचा हात धरला. "ज्या कामापायी आपल्या बापजाद्यांचा जन्म गेला, जे बाबासाहेबांच्या शब्दावर आपण टाकले, ते पुन्हा करणार? सफाईवाल्याला बोलवा." नातवाने विचारले, "आजोबा, तो सफाईवाला कोण?" आजोबा गप्प झाले.

हा प्रश्न त्या एका घराचा नाही. धम्मदीक्षा घेतलेल्या प्रत्येक घराने तो स्वतःला विचारावा.

आजोबांचा राग खोटा नव्हे. गावात ढोर मेले की महारवाड्यात सांगावा यायचा. जनावराचे दूध मालकाने प्यायचे, त्याच्या कष्टावर मालकाचे शेत पिकायचे. ओढायचे मात्र दुसऱ्याने, आणि अस्पृश्यही त्यालाच म्हणायचे! मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्यास बजावले. त्याच परिषदेच्या ठरावांत स्पृश्यांना सांगितले गेले की तुमची मेलेली जनावरे तुम्हीच पुरा. या ठरावातील न्याय नीट ध्यानात घ्या. जनावर ज्याचे, त्याचे प्रेतही त्याचेच.

पुढे कायद्यानेही ही सक्ती गुन्हा ठरवली. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्यात १९७६ साली दुरुस्ती होऊन त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला मेलेले जनावर उचलायला भाग पाडले, तर त्याखाली तुरुंगवासाची शिक्षा आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही २०१५ च्या दुरुस्तीने असेच कलम आले. तरीही जुलै २०१६ मध्ये गुजरातेतील उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना भर रस्त्यात मारले गेले. त्या कुटुंबाने एप्रिल २०१८ मध्ये बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.

तेव्हा घाण कशात होती? जन्मावरून लादलेल्या सक्तीत होती. आपल्या कुत्र्याचे प्रेत आपण जातीवरून दुसऱ्याच्या माथी मारू लागलो, तर आपण कोणाच्या जागी उभे राहिलो? जुन्या गावच्या पाटलाच्याच ना!

आणि प्रश्न मेल्यानंतरचाच नाही. बावीस प्रतिज्ञांतील तेरावी प्रतिज्ञा प्राणिमात्रांवर दया करण्याची आहे. सम्राट अशोकाने माणसांबरोबर जनावरांच्याही औषधोपचाराची सोय केली, हे त्याच्या दुसऱ्या शिलालेखात कोरलेले आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे मालकाने जनावराला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे आणि त्याला उपाशी मरेल अशा स्थितीत सोडून देणे, हे गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड अवघा १० ते ५० रुपये. पण शील दंडाच्या रकमेवर तोलायचे नसते. गच्चीवर कुत्रा साखळीला बांधून चार दिवस गावाला जाणारा माणूस रोज वंदना म्हणत असला, तरी त्याने पहिले शील पाळले असे कसे म्हणावे?

आता व्यवहाराचे. मेलेले जनावर गोदावरीत सोडू नये, घंटागाडीत कचऱ्याबरोबर टाकू नये. स्वतःची जागा असेल तर विहीर-नाल्यापासून दूर खोल खड्डा घेऊन पुरावे. कुत्री उकरणार नाहीत इतकी माती वर दाबावी. पिसाळून किंवा फाशीच्या रोगाने मेल्याची शंका असेल तर हात लावू नये, कातडे तर मुळीच काढू नये. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला कळवावे. जागा नसेल तर महापालिकेला कळवावे. जो कामगार येईल तो पगारी नोकर आहे, तुमचा बलुतेदार नव्हे. त्याला अहो-जाहो करा, उचलायला हात लावा, हात धुवायला पाणी आणि प्यायला चहा द्या.

त्या घरात शेवटी खड्ड्याची जागा आजोबांनीच दाखवली. मुलाने खणले, नातवाने माती लोटली. त्या दिवशी ते काम त्यांच्यावर कोणी लादले नव्हते. जनावर त्यांचे होते, म्हणून त्यांनी ते केले.

जयभीम! नमो बुद्धाय!