हे घेऊन करायचं काय?

1969 च्या नाताळात नीमन मार्कस या अमेरिकेतल्या बड्या दुकानाच्या कॅटलॉगात स्वयंपाकघरात ठेवायचा कॉम्प्युटर झळकला. हनीवेल कंपनीचा, किंमत 10,600 डॉलर, वजन चाळीस किलोंच्या वर आणि भाज्या चिरायला त्यालाच जोडलेला पाट. गृहिणीने पाककृती त्यात साठवाव्यात आणि जेवणाचा बेत त्याला विचारून ठरवावा, अशी कल्पना होती. यंत्राला पडदा नव्हता, कीबोर्ड नव्हता. खटके वर-खाली करून शून्य आणि एकच्या रूपात माहिती भरायची आणि दिव्यांच्या उघडझापीतून उत्तर वाचायचं. ते शिकवण्यासाठी दोन आठवड्यांचा वर्ग किमतीतच धरलेला होता. हे यंत्र एकाही घरात विकलं गेल्याची नोंद सापडत नाही.

ही गोष्ट बहुतेक वेळा गंमत म्हणून सांगितली जाते. मला ती फार महत्त्वाची वाटते. 'हे घरात घेऊन करायचं काय?' हा साध्या माणसाचा प्रश्न कंपनीच्या कानावर गेला होता. मात्र ज्यांच्यासाठी उत्तर शोधायचं त्यांना न विचारताच तिने ते देऊन टाकलं. रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईला कृती आठवत नाही, ही तिची अडचण कधीच नव्हती. घरात काय शिल्लक आहे, कुणाला काय चालत नाही, हातात वेळ किती आहे, याचा मेळ घालताना तिचा जीव मेटाकुटीला येतो. त्यातलं काहीच त्या पेटीला कळत नव्हतं.

तेव्हापासून आजपर्यंत नवं यंत्र बाजारात आलं की कुणीतरी हा प्रश्न विचारतोच, आणि विचारणाऱ्याला मागासलेला ठरवलं जातं. मला मात्र वाटतं की यंत्रं उपयोगाची झाली ती या प्रश्नामुळेच, आणि त्याचं खरं उत्तर बहुतेकदा बनवणाऱ्यांपेक्षा वापरणाऱ्यांनी दिलं आहे.

केन ओल्सन यांचंच उदाहरण घ्या. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या मोठ्या कॉम्प्युटर कंपनीचे हे संस्थापक 1977 मध्ये म्हणाले की, कुणालाही घरी कॉम्प्युटर ठेवण्याचं कारण नाही. फसलेल्या भाकितांच्या प्रत्येक यादीत हे वाक्य असतं. आपला रोख सबंध घर चालवणाऱ्या यंत्राकडे होता, दिवे, दारं, जेवण सगळं त्याच्या ताब्यात देण्याकडे होता, असं त्यांनी पुढे स्पष्ट केलं. तसं पाहिलं तर त्यांचं मत आजही टिकून आहे. घराचा कारभार यंत्राच्या हाती देण्याची हौस अजून थोड्यांनाच आहे.

घरातल्या आणि दुकानातल्या कॉम्प्युटरला पहिलं पटणारं उत्तर मिळालं ते हिशेबातून. हार्वर्डला व्यवस्थापन शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिनला वर्गात एक गोष्ट खटकली. फळ्यावर मांडलेल्या कोष्टकातला एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. त्याने बॉब फ्रँकस्टनला बरोबर घेऊन हे काम कॉम्प्युटरवर आणलं आणि 1979 मध्ये व्हिसिकॅल्क बाजारात आलं. दुकानात जाऊन लोक आधी व्हिसिकॅल्क मागत आणि ते चालवायला ॲपल टू विकत घेत. आपल्याकडे तेच काम टॅलीने केलं. श्यामसुंदर गोयंका यांना स्वतःच्या धंद्याचे हिशेब ठेवायला मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून मुलगा भरत याने ते लिहिलं आणि 1986 मध्ये त्याची कंपनी झाली. पुढे तालुक्याच्या गावातही टॅलीच्या क्लासचा बोर्ड लागला, कारण खतावणी, येणी-देणी आणि वर्षअखेरचा ताळेबंद ही दुखणी तिथल्या आडतदारालाही होतीच.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी एका अंगाने विचारला गेला, आणि त्याची आठवण आता फारशी कुणी काढत नाही. हे यंत्र कुणाच्या जागी येणार? साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळाचा कॉम्प्युटर कलकत्त्यात बसू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी इमारतीवर पहारा दिला होता. बँकांमध्ये तर यंत्रं किती आणि कुठल्या कामाला आणायची, यावर 1983 मध्ये संघटनांशी रीतसर करार करावा लागला. मुंबईत त्याच सुमारास गिरणी संपात लाखो माणसं कामाला मुकत होती. पगारावर घर चालवणाऱ्या कारकुनाने अशा दिवसांत यंत्राकडे संशयाने पाहिलं म्हणून त्याला प्रगतीचा शत्रू म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्या विरोधामुळे बदल हळूहळू आला आणि माणसांना सावरायला वेळ मिळाला. हे श्रेय त्या संघटनांना द्यायलाच हवं.

लोकांचं मत बदललं ते भाषणांनी बदललं नाही. ते रेल्वेच्या खिडकीवर बदललं. पूर्वी आरक्षणाला अमुक गाडीची अमुकच खिडकी असे. आत जाडजूड रजिस्टर, त्यात हाताने लिहिलेली नावं. तासभर रांगेत उभं राहून नंबर लागल्यावर कळायचं की या गाडीत जागा नाही; दुसरी गाडी हवी तर दुसरी रांग. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला दिल्लीपासून कॉम्प्युटरचं आरक्षण सुरू झालं, मग मुंबईत आलं, आणि कुठल्याही खिडकीवर कुठल्याही गाडीचं तिकीट मिळू लागलं. कॉम्प्युटर कशाला हवा, हे त्या रांगेतल्या माणसाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

पुढे सरकारनेच एक उत्तर दिलं. 2001 मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं, एमएस-सीआयटी ही कॉम्प्युटरची परीक्षा सुरू झाली आणि सरकारी नोकरीसाठी तिचं प्रमाणपत्र लागू लागलं. कशाला शिकायचं, तर सर्टिफिकेटला. हे उत्तर अपुरं होतं, पण त्या निमित्ताने गावोगावच्या असंख्य मुलींनी आयुष्यात पहिल्यांदा माऊस हातात धरला, हेही खरं आहे.

गरिबांसाठी यंत्र कसं असावं, याचा सर्वांत प्रामाणिक विचार त्याच काळात बंगळुरूला झाला. तिथल्या शास्त्रज्ञांनी आणि अभियंत्यांनी सिम्प्युटर घडवला. हातात मावणारा, स्वस्त, निरक्षर माणसाला वाचून दाखवणारा आणि गावात अनेकांनी मिळून वापरायचा. कल्पना उदात्त होती, काम चोख होतं, तरीही तो खपला नाही. त्याच वेळी ज्याला कुणी ग्रामविकासाचं साधन म्हणत नव्हतं तो साधा मोबाईल गावात शिरत होता. 2003 च्या मे महिन्यात येणारे कॉल फुकट झाले आणि मिस्ड कॉलला ऊत आला. एक रिंग म्हणजे 'पोचलो', दोन रिंगा म्हणजे 'तू लाव'. ही भाषा कुठल्या कंपनीने शिकवली नव्हती. ती पैसे वाचवणाऱ्यांनी आपसात ठरवली होती.

शेतीच्या पंपाची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण हा सगळा विचार तिच्यात एकवटलेला दिसतो. आपल्याकडे शेतीला थ्री फेज वीज पाळीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, तीही आठ-दहा तास. रात्रपाळी आली की शेतकऱ्याला अंधारात विहिरीवर किंवा नदीकाठच्या मोटरीपर्यंत जावं लागतं. बांधावर साप, जुन्नर-आंबेगावकडे बिबट्या, पावसाळ्यात चिखल आणि ओल्या हाताने उघडायची स्टार्टरची पेटी. एवढं करून पोचावं तर लाईट गेलेली असते. त्यावर लोकांनी स्वतःच एक उपाय काढला, 'ऑटो'. स्टार्टरला ही जोडणी केली की लाईट आली रे आली की मोटर आपोआप सुरू होते. पण एका डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू झाल्या तर तेवढा भार तिला पेलत नाही. डीपी जळते आणि नवी मिळेपर्यंत सगळ्यांचीच पिकं वाळतात. प्रत्येकापुरतं शहाणपणाचं असलेलं यंत्र सगळ्यांनी मिळून वापरलं की सगळ्यांच्या मुळावर येतं, हे शेतकरी त्यातून शिकला. कुठल्याही नव्या यंत्राविषयी बोलताना हे ध्यानात ठेवावं, असं मला कळकळीने वाटतं.

मोबाईल आल्यावर पंपाला स्वतःचा फोन मिळाला. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांचं 'नॅनो गणेश' हे त्यातलं गाजलेलं नाव. 2009 मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळालं. स्टार्टरशेजारी एक डबी बसवायची, तिच्यात सिम घालायचं. घरून त्या नंबरला फोन लावायचा, लाईट आहे की नाही ते ऐकायचं आणि आकडा दाबून मोटर चालू किंवा बंद करायची. पुढे अशा डब्या अनेकांनी बनवल्या आणि तालुक्याच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात त्या 'मोबाईल स्टार्टर' म्हणून मिळू लागल्या. ज्याला मेसेज टाईप करता येत नव्हता तोही हे सहज वापरू लागला. करायचं काय, हा प्रश्न इथे उरतच नाही. ज्याने अंधारात एकदा ती वाट तुडवली आहे त्याला सगळं लगेच कळतं.

तरीही हे उत्तर पुरं नाही, हे शेतकऱ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. मोटर घरून सुरू होते, पण दारं धरायला त्याला रात्री शेतात जावंच लागतं. वाफा भरला की पाणी पुढच्या वाफ्याला वळवायला फावडं घेतलेला माणूस लागतो. त्याची मूळ मागणी दिवसा विजेची आहे आणि ती कुठल्याही डबीत मावत नाही. यंत्राने अडचण थोडी हलकी केली की ती सुटलीच असं धरून चालण्याचा मोह राज्यकर्त्यांना होतो, म्हणून दिवसा विजेचं मागणं नेटाने चालू ठेवावं लागतं.

इथपर्यंतच्या सगळ्या प्रवासात एक गोष्ट गृहीत होती. माणसाला नाही म्हणता येत होतं. स्वयंपाकघरातला कॉम्प्युटर बायकांनी घेतला नाही, संपला विषय. 2000 मध्ये एलजीने इंटरनेट असलेला फ्रिज आणला, किंमत वीस हजार डॉलरच्या वर. तोही लोकांनी नाकारला. नकार हे ग्राहकाचं मत असतं आणि कंपन्यांना ते ऐकावं लागतं.

गेल्या दहा-बारा वर्षांत हे बदललं आहे आणि त्याची मला खरी काळजी वाटते. साधा टीव्ही घ्यायला गेलात तर दुकानात बहुतेक स्मार्टच असतात. तो काय पाहिलं जातंय याची नोंद ठेवू शकतो, आणि ते बंद करण्याची सोय मेनूच्या कुठल्या कोपऱ्यात आहे ते शोधावं लागतं. फोन अपडेट होतो आणि रोजच्या चॅटच्या ॲपमध्ये एआयचं बटण येऊन बसतं. ते कुणी मागितलेलं नसतं आणि काढायचं म्हटलं तर निघत नाही. नवी गोष्ट आता वेगळी वस्तू म्हणून समोर येत नाही. आधीपासून घरात असलेल्या वस्तूतून ती येते. विकत घेण्याचा क्षणच उरला नाही, तर प्रश्न कधी विचारायचा?

त्यातच आता वेगळी भाषा ऐकू येते. 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि तेव्हापासून जो तो सांगतो आहे, 'एआय शिका, नाहीतर मागे पडाल.' ऐंशीच्या दशकात कारकुनाला यंत्राची भीती होती आणि ती मांडायला त्याच्यामागे संघटना होती. आजच्या भीतीत प्रत्येक जण एकटा आहे, कारण त्याला सांगितलं जातं की तुझी जागा यंत्र घेणार नाही, ते वापरणारा शेजारी घेईल. धास्तावलेला माणूस 'कशाला' असं विचारत नाही. तो फी भरून मोकळा होतो. मुलांच्या निबंधापासून सोसायटीच्या नोटिशीपर्यंत सगळं एआयकडून लिहून घेणाऱ्यांत अनेक जण असे आहेत, ज्यांना त्यात अडचण कुठली होती हे सांगता येणार नाही. दुसरीकडे इंग्रजीतलं सरकारी पत्र मराठीत समजून घेणारा माणूस आणि औषधाच्या चिठ्ठीतलं बारीक अक्षर फोनकडून वाचून घेणारा दृष्टिहीन माणूस, यांच्यासाठी हेच तंत्र पंपाच्या डबीइतकं मोलाचं आहे. दोघांना एकाच जाहिरातीने हाकणं चूक आहे.

म्हणूनच बारामतीकडे मी लक्ष ठेवून आहे. तिथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मदतीने उसासाठी एआयचा प्रयोग चालवला आहे. मातीतले सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रहाची छायाचित्रं यांवरून पाणी कधी द्यायचं, खत किती टाकायचं, कीड कुठे येतेय हे शेतकऱ्याच्या फोनवर मराठीतून कळावं असा बेत आहे. पाण्याची बचत आणि उताऱ्यातली वाढ यांचे दावे मोठे आहेत, आणि ते खरे ठरले तर उसावर होणारा पाण्याचा वारेमाप खर्च कमी होईल. मला ते मनापासून हवं आहे. पण त्याआधी काही साधे प्रश्न आहेत. एकराला खर्च किती आणि अनुदान संपल्यावर तो भरायचा कुणी? सेन्सर बिघडला तर दुरुस्त करणारा माणूस किती लांबून येणार? सल्ला चुकून फड वाळला तर भरपाई कोण देणार? रात्रपाळीची लाईट असताना 'आत्ता पाणी द्या' असा मेसेज आला तर करायचं काय? माझ्या जमिनीची, माझ्या पिकाची जमा होणारी माहिती कारखान्याला, बँकेला, विमा कंपनीला दिसणार का, आणि ती देऊ नका म्हणण्याची सोय ठेवली आहे का? यातल्या पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं एखाद-दोन हंगामांत शेतातच मिळतील. पाचव्याचं उत्तर यंत्र बसवण्याआधी लेखी मागून घ्यायला हवं.