वळण

आम्हा कळंबोलीकरांच्या कानी ‘वळण’ हा शब्द दिवसभर पडतो, तो रस्त्याचा म्हणून. सायन-पनवेल महामार्ग, पुण्याचा द्रुतगती मार्ग आणि बंदराकडची वाट सर्कलच्या आसपास एकमेकांना भेटतात, आणि लोखंड बाजारातून पत्र्याची अजस्र गुंडाळी लादून निघालेला ट्रेलर तिथे वळताना पाहिला, की ध्यानात येते, चालक वळणावर पोचून वळत नाही. तो कितीतरी अलीकडून वेग उतरवतो, बाहेरच्या अंगाने मोठा फेर घेतो, कारण मागचा सारा भार त्याच्यामागून सुखरूप वळायचा असतो. याच शब्दाने आपण अक्षराचा घाट सांगतो आणि लेकराची वागणूकही सांगतो. सज्जनहो, आपले लिहिणे सुधारावे असे ज्यांना वाटते, त्यांनी या एका शब्दापाशी थोडे थांबावे.

आपल्याच रायगड जिल्ह्यात, महाडच्या अंगाला, शिवथरघळ आहे. समर्थ रामदासांनी तिथे सांगितले आणि त्यांचे शिष्य कल्याणस्वामी यांनी लिहून घेतले, अशी दासबोधाची परंपरा आहे. वीस दशक, दोनशे समास. आणि ब्रह्म, माया, भक्ती यांचा इतका विस्तार करणारा तो ग्रंथ एकोणिसाव्या दशकाच्या आरंभी येऊन चक्क अक्षर कसे काढावे ते सांगत बसतो. त्या समासाचे नावच लेखनक्रियानिरूपण. मला वर्षानुवर्षे वाटत आले आहे, की परमार्थ सांगणाऱ्याने शाईच्या काळेपणाची एवढी चिंता वाहिली, यातच लेखनाचे थोर मोल आहे.

समर्थ तिथे वळणाविषयी जे मागतात ते सोपे नाही. पहिले अक्षर जसे निघाले तसेच ग्रंथ संपेतो निघावे, सारे एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे. माझ्या भाचीची वही मी पाहिली आहे: पहिल्या पानावर मोत्यांची ओळ, काने ताठ, वेलांट्या डौलदार, आणि चाळिसाव्या पानावर ‘र’ आणि ‘स’ ओळखू येत नाहीत. पहिले पान उत्साहाने लिहिले जाते, चाळिसावे वळणाने. तेच वाक्यांचे. आरंभीचा परिच्छेद आपण घासूनपुसून लख्ख करतो आणि पुढे, दमल्यावर, हाताला येईल तो शब्द ठेवून देतो. म्हणून लिहिणे सुधारायचे तर मी मधले पान आधी पाहतो. वळणाचे पाणी वळणावर जाते म्हणतात, पण ते वळण आधी कुणीतरी रोज थोडे थोडे कोरून ठेवलेले असते. रोज एक पान लिहावे, दुसऱ्या दिवशी ते मोठ्याने वाचावे, आणि जिथे श्वास अडखळेल तिथे वाक्य पुन्हा बांधावे. याहून दुसरा अभ्यास मला सापडलेला नाही.

पण वळणाचा गाभा मला पुढच्या सूचनांत दिसतो. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामी येत नाही, असे समर्थ बजावतात. भोवती जागा सोडून मधेच लिहावे, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही. पाहा, किती माया आहे यात! लिहिणारा अजून तरुण आहे, डोळे तीक्ष्ण आहेत, कागद कोरा करकरीत आहे. आणि त्याला आत्ताच मंद झालेल्या डोळ्यांकडे, जीर्ण झालेल्या पानाकडे वळायला सांगितले जाते आहे. वळणे म्हणजे कुणाकडे तरी तोंड करणे. अवघड शब्द सोपा करताना, लांबलेले वाक्य तोडताना आपण वाचणाऱ्याकडेच वळत असतो. त्या ट्रेलरच्या चालकासारखे, मागून येणाऱ्याचा भार आधीच मनात धरून.

कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत डोमगावच्या मठात जपली गेली, आणि धुळ्याच्या शंकरराव देवांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तिच्यावरून ग्रंथ छापला. मधे दोन शतकांहून अधिक काळ लोटला होता.

पानाभोवती सोडलेल्या त्या कोऱ्या जागेलाही मराठीत ‘समास’च म्हणतात. भाचीच्या वहीत हल्ली मी तेवढाच आधी आखून देतो, शिसपेन्सिलीने, चारही बाजूंनी.