भिक्षापात्र आणि टीव्ही

नागपूरहून पुण्याला बिऱ्हाड हलवताना टीव्ही रजईत गुंडाळून ट्रकमध्ये उभाच ठेवायला लावणारा माणूस आसक्त म्हणायचा का? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंसह बौद्ध धम्म स्वीकारला, तिथे हा प्रश्न विनयपिटकाला, म्हणजे भिक्खूंच्या नियमग्रंथालाच विचारलेला बरा. भिक्खूच्या वस्तू मोजून आठ: तीन चीवरं, पात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा, पाणी गाळायचं फडकं. तरी पात्र ओलं ठेवू नये, ओट्याच्या काठावर ठेवू नये, इतके बारीक नियम! म्हणजे निगा राखणं ही आसक्ती नव्हे. पात्र पोटासाठी, टीव्ही चैनीसाठी, असं कुणी म्हणेल. खरंय, पण तो आक्षेप वस्तू घेण्यावर आहे, जपण्यावर नाही. पडदा फुटला म्हणून कुणी विरक्त होत नाही, नवा आणतो, बहुधा हप्त्यावर. माळ्यावरचा बंद मिक्सर ट्रकमध्ये चढवताना मात्र हा बचाव चालायचा नाही.